बायपासनंतर आण्णांना डाव्या कानानं ऐकू येईना, हे ऑपरेशनमुळं असेल का?

आलेलं पत्र (थोडं कापून देतेय):

"नमस्कार ताई, आम्ही पलूस तालुक्यातले. माझ्या सासऱ्यांची, आण्णांची (वय 64, शुगर बऱ्याच वर्षांपासनं) अठरा-वीस दिवसांपूर्वी बायपास झाली. ऑपरेशन चांगलं झालं, घरातल्या घरात फिरतात, जेवतात. पण घरी आल्यापासनं फोन डाव्या कानाला लावला की नुसतं हॅलो हॅलो करत बसायचे, आवाज येत नाही म्हणायचे, म्हणून मिस्टरांनी फोन दुरुस्तीला टाकला तर दुकानदार म्हणाला फोन ओके आहे. मग पेटी. आण्णा भजनी मंडळात पेटी वाजवतात, ऑपरेशननंतर जरा मन रमावं म्हणून बोटं फिरवायला बसले तर म्हणाले सूर फुटलेत, बेसूर लागतीय. मिस्टर मिरजेला दाखवून आले, कारागीर म्हणाला पेटी ठणठणीत आहे. शेवटी माझ्या मुलीनं फोन त्यांच्या उजव्या कानाला धरला आणि सगळा उलगडा झाला. हॉस्पिटलला फोन केला तर म्हणाले अशक्तपणा आहे, भूल उतरायला वेळ लागतो, येईल हळूहळू. नणंद म्हणते रक्त पातळ व्हायच्या गोळीनं होतंय ती बंद करा. सासूबाई लसणाचं तेल घालायला निघाल्यात. छातीच्या ऑपरेशनचा कानाशी संबंध असतो का? का वयामुळंच आहे? ऑपरेशनमध्ये काही चूक झाली असेल का?"

ताई, तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला आणि जे तातडीचं होतं ते सांगितलं, की वाट बघू नका, आण्णांना उद्याच्या उद्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं न्या आणि ऑडिओमेट्री म्हणजे कुठल्या कानाला किती ऐकू येतं याची मशीनवरची तपासणी करून घ्या. बाकीचं इथं सविस्तर लिहितेय, कारण हृदयाच्या ऑपरेशननंतर कानाची तक्रार घेऊन येणारे पेशंट कान तपासायच्या माझ्या रोजच्या कामात येतात आणि बहुतेक जण उशिरा येतात, "येईल हळूहळू" यावर विसंबून.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर. हो, संबंध असतो. हार्टच्या ऑपरेशननंतर ऐकू येणं कमी होऊ शकतं, क्वचित होतं पण होतं. जुन्या वैद्यकीय नोंदींत हजार ऑपरेशनांमागं साधारण एक असं प्रमाण सापडतं आणि बहुतेक वेळा ते एकाच कानाचं असतं, जसं आण्णांचं झालंय. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी हे वाचून ऑपरेशन पुढं ढकलू नये, बंद पडत चाललेल्या रक्तवाहिन्या घेऊन बसणं हे कानापेक्षा फार मोठं संकट आहे.

आता हे होतं कसं ते सांगते, म्हणजे भूल, अशक्तपणा, वय असल्या गोळाबेरीज उत्तरांवर तुम्ही थांबणार नाही. बायपास करताना बऱ्याचदा हृदय थांबवतात आणि तेवढा वेळ रक्त हार्ट-लंग मशीनमधनं फिरवतात. 1953 साली अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी हे मशीन वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं आणि तेव्हापासून लाखो जीव त्यानं वाचलेत. या मशीनची नळी महारोहिणीत म्हणजे हृदयातनं निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीत घालावी लागते, तिला चिमटा लावावा लागतो, आणि वय झालेल्या, शुगर असलेल्या, तंबाखू-विडी ओढलेल्या माणसाच्या त्या रक्तवाहिनीला आतनं चरबीचे आणि कॅल्शियमचे थर बसलेले असतात. चिमटा लावताना काढताना त्यातला बारीकसा कण सुटू शकतो, शिवाय हवेचे अगदी सूक्ष्म बुडबुडे, चरबीचे थेंब. मशीनला फिल्टर असतात, बरंचसं तिथंच अडतं, पण जे निसटतं ते रक्ताबरोबर वर डोक्याकडं जातं. मोठा कण मेंदूत अडकला तर पॅरालिसिस, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मेंदूच्या मागच्या भागाला जे रक्त जातं त्याच्याच एका फांदीतनं आतल्या कानाला जाणारी केसासारखी बारीक रक्तवाहिनी निघते, आणि तिची अडचण ही की तिला पर्यायी वाट नाही. हाताला, पायाला एक रस्ता बंद झाला तर रक्त बाजूनं थोडंफार पोचतं, आतल्या कानाला तसं नाही, तेवढी एकच.

या आतल्या कानात अडीच वेढ्यांचा वाटाण्याएवढा शंख असतो, त्याला कोक्लिया म्हणतात, आणि त्यात आवाज पकडणाऱ्या साधारण 15,000 पेशी असतात. रक्त थांबलं की काही मिनिटांतच त्यांचं काम बंद पडतं, आणि माणसात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. कण अडकला नाही तरी ऑपरेशनच्या वेळी बीपी बराच वेळ खाली राहिला, सलाइन मिसळून रक्त पातळ झालेलं असलं (गोळीनं पातळ होतं ते वेगळं), तरीही या पेशींना ऑक्सिजन कमी पडू शकतो. आणि ऑपरेशननंतरचे काही दिवस रक्त गोठायची प्रवृत्ती वाढलेली असते, त्यामुळं शुद्धीवर आल्या आल्या ऐकू येत होतं आणि चार-पाच दिवसांनी गेलं असंही होतं. हल्ली आपल्याकडं पुष्कळ ठिकाणी हृदय चालू ठेवूनच बायपास करतात, बीटिंग हार्ट म्हणतात त्याला, त्यात मशीनचा भाग टळतो पण महारोहिणीला हात बऱ्याचदा लावावाच लागतो, म्हणून धोका अगदी शून्य होत नाही. आण्णांचं कुठल्या पद्धतीनं झालंय ते डिस्चार्ज कार्डावर बघा, तिथं लिहिलेलं असतं.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट पेटीची आहे. फोन ऐकू न येण्याची कारणं डझनभर असतील, कानात मळ असला तरी फोन ऐकू येत नाही. पण पेटी बेसूर लागणं, आणि तेही आयुष्यभर पेटी वाजवलेल्या माणसाला, हे वेगळं आहे. मळ असला किंवा पडद्यामागं पाणी असलं तर आवाज लहान येतो, दबका येतो, पण पेटीची काळी दोनची पट्टी ही काळी दोनच लागते. आतल्या कानाच्या पेशी दुखावल्या तर तोच सूर त्या कानाला थोडा चढा किंवा उतरा लागतो, दुसऱ्या चांगल्या कानाला बरोबर लागतो, आणि दोन्ही एकत्र आले की माणसाला वाटतं सूर फुटलेत. आण्णा अगदी बरोबर सांगत होते, फक्त बिघाड पेटीत नव्हता, कानात होता. घरी एक करून बघा, उजवा कान बोटानं घट्ट दाबून एक सूर धरायला लावा, मग डावा दाबून तोच सूर, आणि विचारा दोन्हीकडं सारखा लागतो का. जे सांगतील ते कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. त्यांचा कान तयार आहे, तो डॉक्टरांच्या उपयोगी येईल.

अजून एक घरातली परीक्षा. तोंड मिटून हूंऽऽ असा आवाज काढायला सांगा. तो आवाज बंद वाटणाऱ्या कानात जास्त घुमला तर बहुतेक बाहेरच्या किंवा मधल्या कानाची अडचण आहे, म्हणजे मळ, पाणी, दडे. चांगल्या कानात घुमला तर आतल्या कानाची. डॉक्टर हेच ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवून बघतात. घरच्या परीक्षेवर निदान ठरवायचं नाही, पण उद्या जायचं का पुढच्या महिन्यात एवढं ठरवायला ती पुरते.

मळ-पाण्याचं पण थोडं सांगते कारण तेही खरंच होतं आणि ते बरं होणारं असतं. आयसीयूत माणूस दिवसरात्र उताणा पडलेला, नाकातनं पोटात नळी, घशात व्हेंटिलेटरची नळी, त्यामुळं नाकाच्या मागनं कानाकडं जाणारा मार्ग सुजतो, बंद होतो, आणि पडद्यामागं पाणी साठतं. हे लोक म्हणतात दडे बसलेत, विमानात बसल्यासारखं वाटतंय, स्वतःचाच आवाज घुमतोय. यांना औषध आणि थोडा वेळ दिला की बहुतेक मोकळं होतं. म्हणून सगळ्यात आधी दुर्बिणीनं कान बघणं, तपासणीची दोन मिनिटं आहेत ती.

आता औषधं. आयसीयूत दिलेली काही औषधं कानाला बाधतात हे खरं आहे. लघवी होण्यासाठी देतात ते लॅसिक्सचं इंजेक्शन, मोठ्या डोसात आणि भराभर शिरेत दिलं तर कान बंद होऊ शकतात, कानात आवाज येऊ शकतो, पण ते बहुतेक वेळा परत येतं. जेंटामायसिन, अमिकासिन ही इन्फेक्शनची इंजेक्शनं जास्त जपून द्यावी लागतात, त्यांनी झालेलं नुकसान बहुधा कायमचं असतं, आणि किडनी कमजोर असेल किंवा ही इंजेक्शनं लॅसिक्सबरोबर चालू असतील तर धोका वाढतो. काही घराण्यांत तर जन्मतः अशी जडणघडण असते की या इंजेक्शनांचा थोडा डोसही कान घालवतो आणि ती आईकडनं येते, तेव्हा आण्णांच्या आईकडच्या कुणाचं असं इंजेक्शननंतर ऐकू येणं गेलं होतं का हे विचारून ठेवा. पण औषधाचा परिणाम सहसा दोन्ही कानांवर होतो. आण्णांचा एकच कान गेलाय, त्यामुळं माझा संशय रक्तपुरवठ्याकडं जास्त आहे.

आणि नणंदबाईंना माझा निरोप द्या, हात जोडून सांगते, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या बंद करू नका. एकही दिवस नाही. ॲस्पिरिननं कानात आवाज येतो हे त्यांनी कुठंतरी वाचलं असेल, ते खोटं नाही, पण ते सांधेदुखीसाठी दिवसाला ग्रॅमच्या हिशेबात ॲस्पिरिन घेणाऱ्यांचं. आण्णांना 75 किंवा 150 मिलिग्रॅमची गोळी असेल, तेवढ्यानं कान जात नाही. पायातली नस काढून हृदयाला जोडलीय ती नवी वाट उघडी राहावी म्हणून ती गोळी आहे. ती परस्पर बंद केली आणि जोडलेली नस गुठळीनं बंद झाली तर कानाचा विषयच मागं पडेल. कुठली गोळी बदलायची असेल तर ते हार्टचे डॉक्टर ठरवतील.

सासूबाईंनाही सांगा, तेल नको. आतल्या कानापर्यंत तेल पोचतच नाही, आणि पडद्याला भोक असलं तर उलट इन्फेक्शन, आणि शुगरच्या माणसाला कानाचं इन्फेक्शन फार वाईट, हाडापर्यंत जातं. त्यांची माया कळते मला. लसूण भाजीत घाला.

वयाचं म्हणाल तर वयानं ऐकू कमी येतं, शुगरनं पण येतं, हार्टचा त्रास आणि कानाचा त्रास यांची मुळं बऱ्याचदा तीच असतात, शुगर, बीपी, तंबाखू. पण वय दोन्ही कानांवर सारखं आणि वर्षानुवर्षं हळूहळू बसतं. एक कान ऑपरेशनच्या आठवड्यात गेला तर त्याला वय म्हणायचं नाही. अचानक म्हणजे तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकणं एवढं खाली आलं तर कानाच्या शास्त्रात त्याला इमर्जन्सी धरतात. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर उत्तम, आणि ती वेळ गेली असली तरी पडद्यातनं कानात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन दोन ते सहा आठवड्यांपर्यंत प्रयत्न करतात. आण्णा त्या मुदतीत आहेत म्हणून एवढी घाई करतेय. तोंडानं घ्यायच्या स्टेरॉइडनं शुगर उसळते, छातीचं हाड आणि जखम भरायला वेळ लागतो, म्हणून त्यांच्यासारख्या पेशंटला कानातलं इंजेक्शन जास्त सोयीचं ठरू शकतं कारण ते रक्तात फारसं जात नाही. पण हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आणि हार्ट सर्जननी एकमेकांशी बोलून ठरवायचं. तुम्ही तिथं बसूनच फोन लावून द्या, "मी विचारते आणि कळवते" म्हणून घरी येऊ नका, त्यात आठवडा जातो. एमआरआय सांगितला तर छातीत तारा आहेत म्हणून घाबरू नका, त्या तारांना सहसा अडचण येत नाही, फक्त मशीनवाल्यांना आधी सांगायचं. पेसमेकर असेल तर मात्र ते ठळक सांगायचं.

आशा किती ठेवायची? खोटं नाही सांगणार. ऑपरेशनमध्ये रक्तपुरवठा तुटून गेलेलं ऐकणं बऱ्याच जणांचं पूर्ण परत येत नाही. काहींचं अर्धंमुर्धं येतं, काहींचं अजिबात नाही. पण कुणाचं येईल हे आधी कळत नाही, म्हणून प्रयत्न करायचा, आणि तो वेळेत करायचा.

अजून एक, हे मात्र नीट ध्यानात ठेवा. कान बंद होण्याबरोबर गरगरून चक्कर आली, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, एका बाजूचा हातपाय ढिला पडला, चालताना तोल जातोय असं काही दिसलं तर कानाच्या ओपीडीत नंबर लावायचा नाही, 108 ला फोन करून सरळ मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठायची. मेंदूच्या मागच्या भागाच्या स्ट्रोकची सुरुवात कधीकधी अचानक कान जाऊन होते.

कुठं जायचं हे तुम्ही फोनवर विचारलं होतं. तुम्हाला मिरज जवळ, आणि मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव. खाजगी परवडत नसेल तर मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजला किंवा सांगलीच्या सिव्हिलला कान-नाक-घशाचा विभाग आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. जाताना डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं, शुगरची वही घ्या, आणि किडनीचा रिपोर्ट म्हणजे क्रिएटिनिन असेल तर तो पण. ऑडिओमेट्रीच्या वेळी पेशंटला हेडफोन लावून आवाज आला की बटण दाबायला सांगतात, दुखत-खुपत काही नाही, आण्णांना आधी समजावून ठेवा, नाहीतर ऑपरेशन झालेली माणसं नवीन मशीन बघितलं की बिथरतात.

चूक झाली असेल का, हा प्रश्न तुम्ही शेवटी आणि दबकत विचारलाय. कान जाणं हीच चूक असं म्हणता येत नाही, उत्तम सर्जनच्या हातूनही हे होऊ शकतं, कुणाला तो कण दिसत नाही. पण तुम्ही फोन केल्यावर कान न बघता अशक्तपणा म्हणून बोळवण केली ते मला पटलेलं नाही, तिथनं तुम्हाला त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडं धाडायला हवं होतं. भांडायला जाऊ नका, आण्णांचे फॉलोअप तिथंच आहेत. मात्र ऑपरेशनचे कागद लेखी अर्ज करून मागून घ्या, ऑपरेशन नोट, भुलीची नोंद, आयसीयूतल्या औषधांचा चार्ट. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणं अर्ज केल्यापासनं 72 तासांत ते द्यायला पाहिजेत. किती वेळ बीपी खाली होता, कुठली इंजेक्शनं किती दिवस दिली, हे त्यात दिसतं आणि कानाच्या डॉक्टरांना त्याचा खरंच उपयोग होतो.

घरात आता काय करायचं. एक कान गेला की आवाज ऐकू येतो पण कुठनं आला ते कळत नाही, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. "आण्णा" म्हणून हाक मारली की ते भलतीकडंच बघतील, त्यावर पोरांना हसू देऊ नका. चार माणसं एकदम बोलायला लागली, टीव्ही चालू असला, मिक्सर चालू असला की त्यांना काहीच लागणार नाही आणि ते गप्प गप्प राहायला लागतील, तेव्हा त्यांच्या उजव्या बाजूला बसून, तोंड दिसेल असं, नेहमीच्या आवाजात सावकाश बोला. ओरडू नका, आतला कान दुखावलेल्या माणसाला मोठा आवाज टोचतो. रस्ता ओलांडताना कुणीतरी सोबत पाहिजे, ऊसाचा ट्रॅक्टर डावीकडनं येतोय का उजवीकडनं ते त्यांना कळणार नाही. टू-व्हीलर तर छातीचं हाड जुळेपर्यंत तशीही बंदच आहे. उपचार संपल्यावरही कान आला नाही तर बहिऱ्या बाजूचा आवाज पकडून चांगल्या कानात पोचवणारी मशीनं मिळतात, ती नंतर बघू, आत्ता मशीनच्या दुकानात जाऊ नका.

पेटी बंद करू देऊ नका. सुरुवातीला उजव्या कानाच्या भरवशावर, डाव्या कानात कापसाचा बोळा नाहीतर इअरप्लग घालून वाजवू द्या, फुटलेला सूर आत येणार नाही आणि चांगल्या कानाला नीट ऐकू येईल. भजनात बसायची परवानगी हार्टच्या डॉक्टरांनी दिली की टाळकरी आणि पखवाज त्यांच्या उजव्या हाताला येतील असं मंडळाला बसायला सांगा. भाता मारताना छातीला ओढ बसते, म्हणून भाता किती दिवसांनी मारायचा हे सर्जनना आवर्जून विचारा, तोवर नात भाता मारेल आणि आण्णा बोटं फिरवतील.

बाकी वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात हार्टचं ऑपरेशन ठरलंय त्यांना एवढंच, शक्य असेल तर आधी एक ऑडिओमेट्री करून ठेवा, काहीशे रुपयांत होते, नंतर काही झालं तर आधी कान कसा होता याचा पुरावा हातात असतो, तो आण्णांच्या बाबतीत नाही म्हणून सगळाच अंदाज करावा लागतोय. पेशंटला कानाचं मशीन असेल तर ते ऑपरेशनला नेताना काढून घेतात, शुद्धीवर आल्या आल्या परत लावायला नर्सना सांगून ठेवा. ऐकू न येणारा म्हातारा माणूस आयसीयूत जास्त गोंधळतो, रात्री नळ्या ओढतो, आणि मग लोक म्हणतात भ्रमिष्ट झाला. आणि ज्यांना हृदयात धातूची झडप बसवलीय त्यांना रात्री शांततेत टिक टिक ऐकू येते, तो कानाचा रोग नाही, झडपेचाच आवाज आहे. तो अचानक बदलला किंवा यायचा बंद झाला तर मात्र त्याच दिवशी हार्टच्या डॉक्टरांना कळवायचं.

ताई, ऑडिओमेट्रीचा कागद मिळाला की त्याचा फोटो मला पाठवा, दोन्ही कानांच्या रेषा दिसतील असा. आणि मूळ कागद डिस्चार्ज कार्डाच्या फाइलीतच लावा, पुढच्या फॉलोअपला हार्टच्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि त्यांच्या केसपेपरवर कानाची नोंद करायला सांगा.